पद्मिनी गरम झाली की बंद पडायची, दोष कार्बोरेटरचा नव्हता

आमची 1982ची प्रीमियर पद्मिनी कार सोलापुरात सात रस्त्याहून निघाली की होटगी रोडला आचके देऊन बंद. अर्ध्या तासानं पुन्हा चालू. प्लग, पॉइंट, कंडेन्सर हे ठिणगीचे भाग बदलले, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर तीनदा उघडून त्याची जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, साफ केली. एप्रिलच्या उन्हात ढकलून जीव मेटाकुटीला आला.

शेवटी इंजिन थंड असताना ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढली. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप सोडून बाटलीत धरला, सेल्फ मारला. पेट्रोलबरोबर बुडबुडे! म्हणजे पंपाच्या आधीच कुठूनतरी हवा आत ओढली जातेय. टाकीच्या लाइनपासून पंपापर्यंतचा वीतभर रबरी पाइप वरून ठणठणीत, वाकवला तर बारीक चिरा. जुनं रबर, त्यात 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला चालणारा पाइप, दोन्ही टोकांना नव्या क्लिपा, परत बाटली लावून पाहिली: बुडबुडा नाही. मगच कार्बोरेटरचा पाइप जोडला. परवा अक्कलकोटला जाऊन आलो, एका दमात.