पाकटाला नवे अन्न लावण्याची तयारी: आधी जुन्याचा साठा

गोड्या पाण्यातील पाकट माशाला कोळंबीवरून पेलेटवर, म्हणजे माशांच्या तयार कोरड्या गोळ्यांवर, आणायचे ठरवले असेल, तर पेलेटचा डबा विकत घेण्याच्या आधी घरातला फ्रीझर उघडून पाहावा. आपला मासा आज जे निमूटपणे खातो आहे, त्याच अन्नाचा निदान तीन आठवडे पुरेल इतका साठा तेथे नसेल, तर प्रयोग सुरू करू नये. गेल्या वेळी मी नेमके हेच विसरलो होतो. टाकी, फिल्टर, पाण्याची चाचणी, उत्तम प्रतीचे पेलेट हे सारे तयार होते, पण जुने अन्न मात्र मी रोजच्या बाजारावर सोडून दिले होते. जूनचा पहिला आठवडा होता आणि माझे मोटोरो जातीचे पिल्लू साल काढलेल्या ताज्या सुंगटांखेरीज (गोव्यात कोळंबीला सुंगटे म्हणतात) कशालाही तोंड लावत नव्हते. पेलेट नाकारल्यावर पुन्हा सुंगटांकडे वळावे म्हणून म्हापशाच्या बाजारात गेलो, तर हवी तशी सुंगटे मिळाली नाहीत. अकराव्या दिवशी सकाळी टाकीत डोकावलो, तेव्हा शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कमरेच्या कूर्चेचे उंचवटे वर आलेले स्पष्ट दिसले. ते पिल्लू वाचले, परंतु पूर्ववत भरायला त्याला पुढचे दोन महिने लागले.

साठा किती हवा, हे अंदाजाने ठरवू नये. आठवडाभर रोजचे अन्न वजनकाट्यावर मोजून द्यावे आणि उरलेले काढून पुन्हा मोजावे. माझे पिल्लू दिवसाला साधारण 30 ग्रॅम खात असे, म्हणजे एकवीस दिवसांना 630 ग्रॅम झाले. थोडी नासाडी धरून मी आता 750 ग्रॅम ठेवतो. सुंगटे धुऊन, साल व मधला काळा धागा काढून, एका दिवसाची एक अशा चपट्या पुड्या करून गोठवाव्यात. मोठा गोळा गोठवला तर रोज त्यातला तुकडा मोडताना सगळाच अर्धवट वितळतो. मीठ किंवा टिकाऊपणाची द्रव्ये लावलेली तयार पाकिटे घेऊ नयेत. पावसाळ्यात वीज तासन्तास जाते, म्हणून फ्रीझरमध्ये बर्फाच्या दोन-तीन बाटल्या कायम असाव्यात.

गोव्यात राहणाऱ्याने तर या साठ्याकडे अधिकच गांभीर्याने पाहिले पाहिजे. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै या काळात बंद असते. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीतल्या) मानशीवर, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारावर, आणि नदीत मिळणारी सुंगटे त्या दिवसांत येतात, पण त्यांचा भरवसा नसतो आणि भावही चढलेला असतो. परराज्यातून मासळी येईलच, असेही गृहीत धरू नये: 2018 च्या जुलैमध्ये फॉर्मेलिनच्या प्रकरणानंतर सरकारने बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी घातली होती. मे महिन्यातच पुड्या भरून ठेवा. ज्याने ठेवल्या नसतील, त्याने ऑगस्टपर्यंत थांबावे. पेलेट कुठे पळून जात नाहीत.

दुसरा आधार गांडुळांचा. रुसलेले पाकटही गांडुळाला बहुधा नाही म्हणत नाही, म्हणून जुन्या साठ्याबरोबर एक मूठभर जिवंत गांडुळे हाताशी असावीत. ती गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल जातीची नसावीत, कारण त्यांच्या अंगातून निघणारा उग्र वासाचा द्रव अनेक माशांना नकोसा होतो. कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) घ्यायची असतील तर मालकाला आधी विचारावे. पावसाच्या तोंडावर सुपारीच्या झाडांवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असतो, आणि तांबे पाकटांना अत्यंत घातक आहे. फवारणी झालेल्या मातीतले एकही गांडूळ टाकीत जाता कामा नये. आणलेली गांडुळे ओल्या कागदात एक दिवस ठेवून, पोटातली माती निघून गेल्यावर धुऊन द्यावीत.

नवे अन्न म्हणून तळाशी जाणारे पेलेट घ्यावेत, कारण पाकटाचे तोंड खालच्या बाजूला असते आणि तो अन्नावर आपले चकतीसारखे अंग पसरून, वास आणि स्पर्श यांच्या आधाराने ते हेरतो. डोळे वर असल्याने तोंडाखालचा घास त्याला दिसतच नाही. म्हणून नव्या अन्नाला जुन्याचा वास लागणे आवश्यक आहे. सुंगटे वितळताना सुटलेले पाणी फेकू नये. त्यात पेलेट दहा मिनिटे भिजवावेत, किंवा सुंगटाला चीर देऊन आत अर्धा पेलेट दाबावा. पांढऱ्या मांसाची मुड्डोशी मासळीही लहान तुकडे करून चालते. तारल्यांवर, म्हणजे तेलकट सार्डिन माशांवर, मात्र भर देऊ नये: तेलाने पाणी लवकर बिघडते आणि अशा काही माशांतला थायमिनेज हा घटक ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार नष्ट करतो. गोठवल्यानेही तो जात नाही. काही कोळंबीतही तो असतो, आणि केवळ सुंगटांवर मासा कायमचा ठेवू नये, यामागचे एक कारण हे आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. अमोनिया आणि नायट्राईट शून्य हवेत, तापमान 26 ते 28 अंश असावे, नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढलेले असावे आणि हीटरवर जाळी असावी. नव्या अन्नाचे तुकडे वाळूत पुरले जातात, म्हणून तासाभरात न खाल्लेले सारे काढावे. टाकीत इतर चपळ मासे असतील तर दिवे मालवल्यावर पाकटाला द्यावे, अन्यथा पेलेट कोणी खाल्ले हे कळणारच नाही. घास लांब चिमट्यानेच द्यावा, हात पाण्यात घालू नये. शेपटीवरचा विषारी काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पहिले तीन दिवस केवळ जुने अन्न, ठरल्या वेळी. पुढे आठवडाभर भिजवलेले पेलेट सुंगटात लपवून. मग पाव वाटा नवा, पुढे निम्मा. थुंकले तर मागे यावे, रागावून उपाशी ठेवू नये: पिल्लाला उपास सोसत नाही. दोन दिवस सलग नाकारले की फ्रीझरमधली पुडी काढावी. त्यासाठीच ती तेथे असावी लागते. शेपटीच्या मुळाचा रोज वरून फोटो घ्यावा. पुड्या सातवर आल्या की नव्याने भराव्यात, आणि बाजारात सुंगटे नसतील तर पेलेटचा वाटा त्या आठवड्यात वाढवू नये.