जाम बोल्टला हात लावायच्या आधी: नवे बोल्ट आणलेत का?

मागच्या अनंत चतुर्दशीला मला वाटलं, अख्खं गाव मिरवणुकीत असणार, आपण निवांत वडिलांच्या 97 च्या मारुती 800 चा सायलेन्सर काढू. हत्यारं गोळा केली, गाडी चढवली, फ्लँजचा, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकतीचा, पहिला बोल्ट सुटला, दुसरा कट्टकन तुटला आणि तेव्हा लक्षात आलं की घरात नवा बोल्टच नाही. त्या दिवशी कोल्हापुरात बोल्ट मिळतोय होय? मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, दुकानं बंद, गाडी तशीच दारात टांगलेली. वडील येता-जाता बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून पहिली गोष्ट, नवे बोल्ट. नट, वॉशर, मधली पॅकिंग, सगळं. जेवढे निघणार त्याच्या दुप्पट आणा, एखादा हातातून निसटून गटारात जातोच. लांबी आणि आटे बघून घ्या, नुसतं "आठचा द्या" म्हटलं की दुकानदार समोर असेल तो देतो. आणि एक, जपानी पद्धतीच्या गाड्यांना 8 एमएमच्या बोल्टला बहुतेक 12 चा पाना लागतो, बाजारातल्या साध्या 8 च्या बोल्टचं डोकं 13 चं असतं, तेव्हा दोन्ही मापांच्या गोट्या (सॉकेट) जवळ ठेवा. सायलेन्सरला पितळी नट मिळाले तर तेच घ्या, ते गंजून धरून बसत नाहीत.

हत्यारात पाने, हातोडी, वायर ब्रश हे काय सांगायचं. गोटी मात्र सहा पैलूंचीच घ्या. बारा पैलूंची गोटी डोक्याच्या कोपऱ्यांवर जोर देते, गंजलेले कोपरे आधीच झिजलेले, एक झटका बसला की डोकं गोल. सहावाली सपाट बाजूवर बसते. पान्याला पाइप लावून लांब करताय तर हळू, पाइप लावला की बोल्ट तुटायला आलाय हे हाताला कळतच नाही. डोळ्याला गॉगल, खाली झोपल्यावर गंज सरळ डोळ्यातच पडतो. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावा, विटा नकोत, विटा फुटतात.

आदल्या रात्री आटे ब्रशने घासा आणि मग तेल मारा, गंजाच्या थरावर मारलेलं तेल वरच राहतं. डब्ल्यूडी-40 सगळ्यांकडे असतो पण तो मुळात पाणी हटवायला काढलेला, अगदी धरलेल्या बोल्टला खास गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल बरं. संध्याकाळी एकदा, झोपताना एकदा, सकाळी एकदा. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यात पाचर मारल्यासारखा बसलेला असतो आणि तेलाला आत शिरायला वेळ लागतो. आमची गाडी आधी पाच वर्षं मालवणात होती, खारी हवा आणि वर पाऊस, तिला दोन रात्री लागल्या. गाडी कोकणातून आलेली असेल तर घाई करू नका.

खोलताना आधी किंचित आवळा, मग सोडा. उलटं वाटतं पण गंजाची पकड तिथंच तुटते. थोडा फिरला की परत आत, परत बाहेर, मध्ये तेल. सुटला म्हणून सरळ ओढत गेलात की मध्येच तुटतो, माझा तसाच गेला. मधूनमधून डोक्यावर हातोडीने टकटक करा.

एवढ्यावर नाही आला तर गॅस. नट तापवायचा, बोल्ट नाही, नट फुगला की पकड सुटते. गरम असताना मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आत शिरतं. पण पेट्रोलची लाइन, ब्रेकचा पाइप, रबर बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या जवळ ज्योत नेऊ नका. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर तर अजिबात नाही, काही क्लीनरमधून तापल्यावर विषारी वायू निघतो, चेष्टा नाही लगा. आधी मारलेलं तेल पुसा आणि पाण्याची बादली नाही, अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवा.

आणि इथंच परत सांगतो, नवे बोल्ट. नवा खिशात असला की जुन्याचं प्रेम राहत नाही, डोकं गोल झालं की सरळ ग्राइंडर लावून उडवता येतं. नसला की त्यालाच वाचवत बसतो, तासभर ग्रिप प्लायरने कुरतडतो आणि शेवटी तुटतो तो तुटतोच. मी कुरतडलाय.

स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, आतच तुटला तर ईझी आउटच्या (तुटका तुकडा भोक पाडून उलटा फिरवून काढायचं हत्यार) नादाला लागू नका, ते कडक पोलाद, आत तुटलं की ड्रिल पण चालत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या भागात, गाडी न्या, तुटक्या स्टडवर नट ठेवून वेल्डिंग मारून देतात, निम्मं काम त्या उष्णतेनंच होतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा.

बसवताना आट्यातनं टॅप (आटे पाडायचं, साफ करायचं हत्यार) फिरवा, कॉपर ग्रीस लावा, ग्रीस लावल्यावर नेहमीपेक्षा कमी जोर. गाडी चालवून, गार झाल्यावर एकदा आवळा. बाकी काय ते करताना कळेलच.

आणि बोल्ट सणाच्या आदल्या दिवशी नाही, त्याच्याही आधी आणा. लक्ष्मीपुरीत त्या गर्दीत पार्किंग मिळत नाही.