एल्फ पात्राचं मूळ गाव कसं ठरवावं

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळात एल्फ पात्र बनवताना बहुतेक जण आधी क्लास (पात्राचा पेशा) घेतात, मग धनुष्य की जादू ते ठरवतात, मग नाव शोधतात. ‘मूळ गाव’ शेवटी येतं आणि तिथे ‘दूरचं एक प्राचीन जंगल’ असं लिहून विषय संपवतात. पुढे वर्षभर कॅम्पेन (सत्रांमागून सत्रं चालणारी एकच गोष्ट) चालतं, पण त्या जंगलातून कधी कोणी भेटायला येत नाही, पत्र येत नाही, की संकटाची बातमी येत नाही. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तरी काय करावं? त्याच्या हाती धरण्यासारखं काही दिलेलंच नसतं.

म्हणून गाव निवडताना एकच कसोटी लावा: त्या गावातून आजही कोणी तुमच्या पात्राकडे काही मागू शकतं का? गाव कितीही सुंदर असलं आणि त्याचा इतिहास कितीही जुना असला, तरी या कसोटीला ते उतरलं नाही तर खेळाच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही.

इथली उदाहरणं मुख्यतः ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या फरगॉटन रिअल्म्स या जगातली आहेत, कारण आपल्याकडे पाचव्या आवृत्तीचे अनेक खेळ तिथेच सुरू होतात. एबेरॉन या दुसऱ्या जगाबद्दल पुढे थोडं आहे.

आधी डीएमला तीन गोष्टी विचारा

सेशन झीरोच्या (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीच्या) आधीच विचारा: जग कोणतं, साल कोणतं आणि पहिलं सत्र कुठल्या गावात. या तीन उत्तरांशिवाय गाव निवडू नका. फरगॉटन रिअल्म्सच्या पश्चिम किनाऱ्यावरची, म्हणजे स्वॉर्ड कोस्टवरची, पाचव्या आवृत्तीची बहुतेक साहसं डेल गणनेच्या (या जगाच्या कालगणनेच्या) 1480 ते 1490च्या दशकांत घडतात आणि नवख्यांची सुरुवात बरेचदा फॅन्डालिन, नेव्हरविंटर किंवा वॉटरडीपच्या आसपास होते.

मग नकाशा उघडा आणि सुरुवातीच्या जागेपासून तुमच्या गावापर्यंतचं अंतर मोजा. नियमाप्रमाणे पायी साधारण वेगाने दिवसाला 24 मैल होतात. शिडाचं जहाज पाचव्या आवृत्तीच्या मूळ, 2014च्या नियमांत ताशी 2 मैल जातं, म्हणजे रात्रंदिवस चालवलं तर 48 मैल. मैलांना या आकड्यांनी भागलं की प्रवासाचे दिवस मिळतात. आठ-पंधरा दिवसांत पोचता येत असेल, तर गाव कॅम्पेनमध्ये प्रत्यक्ष येऊ शकतं. दोन-तीन महिने लागत असतील, तर तिथून फक्त माणसं आणि बातम्या येतील, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) तिकडे जाणार नाही. दोन्ही चालतं, पण कोणतं हवं ते आधी ठरवून घ्या.

वय आणि सालाचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एल्फ शरीराने माणसाइतक्याच वर्षांत वाढतो, पण शंभरीच्या सुमारास मोठ्यांचं नाव घेतो आणि साधारण 750 वर्षांपर्यंत जगतो. हे आकडे गावाच्या इतिहासावर ठेवून पाहा.

मिथ ड्रॅनॉर हे उत्तम उदाहरण आहे. कॉर्मँथॉरच्या जंगलातलं हे वैभवशाली शहर अनेकांना खुणावतं. ते पहिल्यांदा पडलं 714 साली. खेळ 1490 साली असेल आणि तुमच्या पात्राने ते वैभव डोळ्यांनी पाहिलं असेल, तर त्याचं वय किमान 776 हवं. म्हणजे ते आयुष्याची मर्यादा ओलांडून आलेलं आहे आणि तरी पहिल्या लेव्हलला आहे. हे जुळत नाही.

जुळतं ते वेगळंच. एल्फांनी 1375 साली मिथ ड्रॅनॉर परत जिंकलं आणि 1487 साली नेथरीज लोकांचं थुल्टँथार हे तरंगतं शहर कोसळल्याने ते पुन्हा उद्ध्वस्त झालं. 1490मध्ये 120 वर्षांचा असलेला एल्फ 1370चा. शहर परत मिळालं तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ते कोसळलं तेव्हा 117 वर्षांचा. त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य त्या दोन घटनांमध्ये बसतं. त्याचं गाव तीनच वर्षांपूर्वी गेलं आहे आणि वाचलेले लोक आजही रस्त्यावर आहेत. 714च्या सुवर्णकाळापेक्षा हे कितीतरी जिवंत आहे.

असाच हिशेब प्रत्येक गावासाठी एका ओळीत मांडा: जन्माचं साल, घर सोडल्याचं साल आणि त्या दोन्हींमध्ये घडलेली एक मोठी घटना. 1385ची जादू बिघडवून टाकणारी स्पेलप्लेग, 1451चा होटनाऊ ज्वालामुखीचा उद्रेक ज्याने नेव्हरविंटरची राखरांगोळी केली, 1484 साली पेटलेलं सिल्व्हर मार्चेसचं युद्ध, यांपैकी एखादी तरी तुमच्या पात्राने अनुभवलेलीच असते. पात्र 110 ते 160 वर्षांचं ठेवणं सगळ्यात सोपं जातं. चारशे वर्षांचं ठेवलंत, तर ‘इतकी वर्षं काय करत होतास?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल आणि ते बहुधा ओढूनताणून आणलेलं असेल.

कुठलं गाव काय देतं

एव्हरमीट हे पश्चिमेच्या महासागरातलं एल्फांचं बेट. बाहेरच्यांना तिथे जवळजवळ प्रवेश नाही. म्हणूनच ते गाव म्हणून अवघड आहे, कारण पार्टीतला बुटका आणि माणूस तिथे कधीच पोचणार नाहीत. ते निवडायचंच असेल तर पात्राला बेट सोडायला ठोस कारण द्या आणि परतीचा मार्ग बंद करा किंवा त्यावर अट घाला. 2014च्या नियमांसोबत ‘फार ट्रॅव्हलर’ ही बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका) इथे चपखल बसते, तिच्यात एव्हरमीटचा पर्यायच दिलेला आहे. मात्र ती इनसाइट (समोरच्याचं मन ओळखणं) आणि पर्सेप्शन (आजूबाजूचं टिपणं) ही कौशल्यं देते, आणि 2014च्या एल्फला पर्सेप्शन ‘कीन सेन्सेस’मधून आधीच मिळालेलं असतं. एकच प्रोफिशियन्सी दोनदा मिळाली तर तिच्या जागी दुसरं कौशल्य घेता येतं. अनेक जण हे विसरतात आणि एक कौशल्य फुकट घालवतात.

एव्हरेस्का हे डोंगरांनी वेढलेल्या दरीतलं, मिथाल नावाच्या संरक्षक जादूने राखलेलं गुप्त शहर. इथला माणूस घराचा पत्ता कोणाला सांगत नाही. हा नियम खेळायला फार मजेदार आहे, पण डीएमशी बोलून घ्या. गुप्तपणा ताणला की पात्र बाकीच्या पार्टीशीही बोलेनासं होतं आणि खेळाचा रस जातो. तोड सोपी आहे: पात्र रस्ता सांगत नाही, पण आपण कुठले हे उघड सांगतं. 1371-72 साली फेरिम या जादूई राक्षसांनी या शहराला वेढा घातला होता. 150 वर्षांचं पात्र त्या वेळी तिशीत, म्हणजे एल्फांच्या हिशेबाने अजून लहानच होतं, तेव्हा त्याच्या मनात ती भीती घर करून असणार.

हाय फॉरेस्ट हा वुड एल्फ या रानातल्या उपवंशासाठी सरळ पर्याय. जंगल अफाट आहे, जुन्या एअरलान राज्याचे अवशेष त्यात विखुरलेले आहेत आणि ते उत्तरेच्या अनेक साहसांच्या जवळ आहे. धोका एकच: ‘मी जंगलात वाढलो’ एवढंच सांगता येतं. त्यामुळे जंगलाचा एक नेमका तुकडा घ्या. एक झरा, एक पडकी कमान, वीस-पंचवीस घरांची एक वस्ती, आणि त्या वस्तीची ज्याच्याशी तेढ आहे असा एक शेजारी. 2014च्या वुड एल्फला ‘मास्क ऑफ द वाइल्ड’मुळे पाऊस, बर्फ, धुकं किंवा पानांच्या आडोशाने थोडं झाकलेलं असतानाही लपता येतं. मग वस्तीत मुलांना लपण्याचं शिक्षण कोण देतं, हे सांगा. नियमातली ताकद गावातून आलेली वाटली की पात्र पक्कं होतं.

सिल्व्हरीमून अनेक वंशांचं, विद्येचं शहर. तिथला मून एल्फ (मून आणि सन हे हाय एल्फ उपवंशाचे प्रकार) माणसांत सहज वावरतो, त्यामुळे पहिल्यांदा खेळणाऱ्याला हे गाव सगळ्यात सोपं. सन एल्फ घ्यायचा असेल तर तो इथे जरा अवघडलेला दाखवा, त्याचे नातेवाईक एव्हरमीट किंवा एव्हरेस्कात आहेत असं ठेवा. हेही लक्षात असू द्या की उपवंश आणि गाव जुळलेच पाहिजेत असं नाही. जंगलात वाढलेला मून एल्फ किंवा वॉटरडीपच्या गल्लीत वाढलेला वुड एल्फ पूर्ण नियमात बसतो.

2024च्या सुधारित नियमांत हे आणखी मोकळं झालं आहे. क्षमतांचे वाढीव गुण वंशातून येत नाहीत, ते बॅकग्राउंडमधून येतात. त्यामुळे बुद्धिमत्तेसाठी हाय एल्फच घ्यायला हवा असं राहिलं नाही. ‘कीन सेन्सेस’मध्येही आता इनसाइट, पर्सेप्शन आणि सर्व्हायव्हल यांपैकी एक तुम्ही निवडता. शहरातल्या एल्फला इनसाइट, रानातल्याला सर्व्हायव्हल द्या. एवढ्याशा निवडीतून गाव कॅरेक्टर शीटवर दिसू लागतं.

ड्रो घेणार असाल तर

मेन्झोबेरँझन हे अंडरडार्क या जमिनीखालच्या जगातलं ड्रोंचं, म्हणजे तिथे राहणाऱ्या काळ्या एल्फांचं शहर, आणि गाव म्हणून ते विलक्षण समृद्ध आहे. तिथे सूर्य नाही, म्हणून शहराचा आर्चमेज (मुख्य जादूगार) रोज नार्बोंडेल या दगडी खांबाला जादूने तापवतो आणि लोक त्याच्या उजेडावर वेळ पाहतात. लढवय्ये मेली-मॅगथिअरमध्ये शिकतात, जादूगार सॉरसिअरमध्ये, लॉल्थ या कोळ्यांच्या देवीच्या पुजारिणी अ‍ॅराक-टिनिलिथमध्ये. सत्ता आठ घराण्यांच्या मातांकडे असते. पात्र कोणत्या शाळेतून आलं आणि कोणत्या घराण्याचं, एवढ्या दोन उत्तरांतच अर्धी बॅकस्टोरी तयार होते.

त्यातला एक कायदा तर खेळाडूसाठी सोनं आहे. एका घराण्याने दुसऱ्यावर हल्ला केला तर ते समूळ नष्ट करावं लागतं. साक्ष द्यायला त्या घराण्याचा एकही सरदार जिवंत राहिला, तर हल्लेखोरांनाच शिक्षा होते. तुमचं पात्र असं एकटं वाचलेलं असेल, तर एक आख्खं घराणं त्याला शोधत असतं आणि दुसरीकडे त्याची साक्ष हे त्याचं हत्यारही असतं. डीएमला याहून जास्त काय हवं?

मात्र दोन गोष्टी तपासा. 2014च्या नियमांत ड्रोला थेट उन्हात हल्ल्याला आणि नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो. म्हणजे दोनदा फासा टाकून लहान आकडा धरावा लागतो. कॅम्पेन उघड्या माळरानावर असेल तर हा त्रास दर लढाईत होईल. 2024मध्ये हा नियम नाही. दुसरं, 2014च्या ड्रोला कॉमन आणि एल्विश येतात, पण अंडरकॉमन आपोआप येत नाही. अंडरडार्कमध्ये वाढलेल्याला तिथली व्यवहाराची भाषा येऊ नये हे विचित्र दिसतं. म्हणून भाषा देणारी बॅकग्राउंड घ्या आणि तिथे अंडरकॉमन लिहा.

आणि ‘मी एकटाच चांगला ड्रो’ एवढ्यावर थांबू नका. गाव सोडणाऱ्याला वर कोणी आसरा दिला ते ठरवा. इलिस्ट्री या देवीचे भक्त जमिनीवर राहतात आणि बाहेर पडलेल्या ड्रोंना सामावून घेतात. मग पात्राला दोन गावं मिळतात, एक जे त्याला मारायला टपलंय आणि एक ज्याचे उपकार फेडायचे आहेत.

एबेरॉनमध्ये

तिथे खेळ साधारणपणे 998 वायके (तिथली कालगणना) साली सुरू होतो. ‘शेवटचं युद्ध’ म्हणून ओळखलं जाणारं महायुद्ध 894 ते 996 चाललं, म्हणजे 120 वर्षांच्या एल्फने सगळं युद्ध पाहिलेलं असतं. व्हॅलेनार या एल्फांच्या राज्याने 956 साली स्वातंत्र्य जाहीर केलं. तिथल्या टायर्नाडाल योद्ध्याला एक पूर्वज नेमून दिलेला असतो आणि त्याच्यासारखं जगणं हाच त्याचा धर्म. पूर्वजाचे तीन पराक्रम लिहून द्या, डीएम त्यांचीच परीक्षा घेईल. एरेनाल या एल्फांच्या बेटावर मृत पूर्वज अनडाइंग कोर्टच्या रूपाने राज्यकारभारात भाग घेतात, त्यामुळे तिथे घरच्या वडीलधाऱ्यांचं ऐकणं मेल्यावरही संपत नाही.

डीएमचं स्वतःचं जग असेल तर

गाव तुम्हालाच रचावं लागेल. एका पानाच्या वर जाऊ नका. कोण राज्य करतं, लोक काय खातात, कशाला बंदी आहे, हद्द कुठे संपते, आणि गेल्या पन्नास वर्षांत काय बिघडलं, एवढं पुरे. यात बंदी सगळ्यात उपयोगाची, कारण ती पात्राच्या वागण्यात लगेच दिसते. सह्याद्रीतल्या देवराया हा उत्तम नमुना आहे. तिथे कुऱ्हाड चालत नाही, कित्येक ठिकाणी पडलेली काटकीही घरी नेत नाहीत, कारण ती देवाची. असा नियम एल्फ वस्तीला द्या आणि पार्टी पहिल्याच रात्री शेकोटीसाठी लाकडं तोडायला निघाली की काय होतं ते पाहा.

शेवटी डीएमला द्यायचा कागद

पाच ओळी लिहा. नमुना असा, 2014चे नियम आणि 1491 साल धरून:

गाव: सिल्व्हरीमून. मून एल्फ, जादूगार, वय 121, जन्म 1370, बॅकग्राउंड सेज.
पाहिलेली घटना: 1484चं युद्ध, तेव्हा वय 114.
माणूस: व्हॉल्ट ऑफ द सेजेसमधली एक वृद्ध ग्रंथपाल, अजून हयात.
देणं: तिच्याकडून नेलेली हस्तलिखिताची एकमेव प्रत सुंडबारमध्ये एका मित्राकडे ठेवली होती. ते शहर युद्धात पडलं. प्रत कुठे आहे ते माहीत नाही, आणि ग्रंथपालाला अजून सांगितलेलं नाही.
बंदी: दुसऱ्याचं पुस्तक रात्री उघडं ठेवून झोपत नाही.

एल्फला दीर्घ विश्रांतीत चारच तास ध्यानात बसावं लागतं, बाकीची पार्टी झोपलेली असते. अशा एखाद्या रात्री डीएम त्या ग्रंथपालाचं पत्र पोचवू शकतो. कागद दुसऱ्या सत्राच्या आधी द्या आणि हस्तलिखितात काय लिहिलं होतं ती जागा मुद्दाम कोरी सोडा. ती भरण्याचं काम डीएमचं.