जुनी आरसी (रिमोट कंट्रोलची) गाडी हाती आली? आधी या चुका टाळा

खोक्यात पस्तीस-चाळीस वर्षं पडून राहिलेल्या गाडीचं काळ जेवढं वाटोळं करत नाही, तेवढं नवा मालक पहिल्या तासाभरात करतो. हे मी लोकांना नावं ठेवायला लिहीत नाहीये, निम्म्या चुका माझ्याच खात्यावर जमा आहेत. पण परवा पुन्हा एकाने फोटो पाठवला. पार्सल फोडून वीस मिनिटं झाली नव्हती आणि स्पीड कंट्रोलरची, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या भागाची, वायर वितळून काळी पडलेली. खाली प्रश्न, ‘आता काय करू?’ अरे बाबा, वीस मिनिटांपूर्वी विचारायचं होतंस!

घाई मला कळते. लहानपणी मित्राकडे टामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर गाडी होती आणि मला फक्त तिची बॅटरी धरून उभं राहायला मिळायचं. तीच गाडी चाळिशीत स्वतःच्या टेबलावर येते, तेव्हा हात थांबत नाहीत. तरी थांबवा.

बॅटरी जोडून ‘चालते का बघू’

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून सविस्तर सांगतो.

तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत आजच्यासारखा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर नसायचा. मेकॅनिकल असायचा. सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर फिरणारी छोटी मोटर) एक दांडी हलवतो, दांडीला जोडलेला कॉन्टॅक्ट धातूच्या पट्ट्यांवरून घसरतो. कमी वेगात करंट रेझिस्टरमधून जातो आणि जादा ऊर्जा तिथे उष्णता होऊन निघून जाते. पूर्ण वेगात रेझिस्टर वगळला जातो. हा सगळा संसार 7.2 व्होल्टच्या, सहा सेलच्या निकेल-कॅडमियम बॅटरीवर बेतलेला, आणि त्या बॅटरीची क्षमताही 1200 एमएएचच्या आसपासची. थोड्याच वेळात ती संपायची, मुलं हिरमुसायची, पण मोटर आणि रेझिस्टर तेवढ्यात थंड व्हायचे. आज आपण तिथे 5000 एमएएचची लिथियम-पॉलिमर लावतो. पूर्ण चार्ज झाल्यावर तिचा व्होल्टेज 8.4, आणि ती संपायचं नाव घेत नाही.

मी नेमकं हेच केलं होतं. टामियाचीच मूळ 1984 सालची हॉर्नेट मिळाली, रिमोटमध्ये नवे सेल घातले, बॅटरी जोडली आणि गाडी सुरू झाली. आनंदाने वेडा झालो. पाचेक मिनिटं झकास पळाली. मग एकदा थ्रॉटल सोडला, तरी गाडी थांबेना. कॉन्टॅक्टवरचं जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालं होतं, आणि दांडी पूर्ण वेगाच्या जागी अडकली होती. सर्व्हो किरकिरत होता, मी ट्रिगर मागेपुढे करत होतो आणि गाडी सरळ पायरीकडे निघाली होती. पुढचा बंपर तुटला, चाक धरणारा एक आर्म तुटला. धावत जाऊन उचलली, तर चाकं हवेत गरगरतायत आणि बॅटरीचा कनेक्टर इतका घट्ट बसलाय की एका हाताने निघेना. गडबडीत रेझिस्टरला बोट लागलं. त्या फोडाने मला जे शिकवलं, ते कुठल्या मॅन्युअलने शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. मोटरच्या वायरी आधी सुट्या करतो आणि मोटर फक्त दोन पेन्सिल सेलवर फिरवून बघतो. खरखरली तर उघडतो. नाही खरखरली तर दोन्ही टोकांच्या बुशला (दांडा ज्यात फिरतो ती कडी) तेलाचा एकेक थेंब, बस्स. स्पीड कंट्रोलर काढून कॉन्टॅक्ट पुसतो आणि दांडी बोटाने हलवून बघतो, ती कुठेही अडायला नको. मग चाकं जमिनीपासून वर ठेवून पहिली चाचणी. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी. जुन्या 27 मेगाहर्ट्‌झच्या सेटला सिग्नल गेल्यावर गाडी थांबवायची अक्कल नसते, म्हणून हा क्रम.

आणि बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडच वापरा. लिथियमचा सेल साधारण 3 व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो, आणि मेकॅनिकल कंट्रोलरला ही घसरण थांबवता येत नाही. ‘मी लक्ष ठेवीन’ म्हणणारे खूप भेटले. सगळ्यांच्या बॅटऱ्या फुगल्या.

गळलेल्या सेलची पावडर फुंकून टाकणे

रिमोटमधल्या सेलभोवतीची पांढरी-हिरवी पावडर म्हणजे साधी धूळ नव्हे. साध्या अल्कलाइन सेलमधून आणि निकेल-कॅडमियममधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. पाण्याने पुसून भागत नाही. आधी व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, मग पाण्याचा, मग कडकडीत कोरडं. डोळ्यांवर चष्मा असू द्या. खरी खोडी वायरीत असते. अल्कली तांब्याच्या तारांतून आत चढत जाते. बाहेरचं वेष्टन ठणठणीत दिसतं आणि सोलल्यावर तार काळीठिक्कर निघते, सोल्डर धरत नाही. चमकदार तांबं दिसेपर्यंत कापत जा, नाहीतर सरळ नवी वायर घाला.

चुकीचा स्क्रू ड्रायव्हर

जपानी गाड्यांचे स्क्रू दिसायला फिलिप्स, पण असतात जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की उसळतो आणि खाच गोल करून टाकतो. एकदा गोल झाली की झाली. जेआयएसचा एक चांगला ड्रायव्हर घ्या, बाकीचा सेट नंतर घेतलात तरी चालेल.

परत बसवतानाची चूक याहून वाईट. प्लॅस्टिकमधले हे स्क्रू स्वतःच आटे पाडतात. सरळ पिळला की तो नवे आटे पाडतो, जुने खातो, आणि तिसऱ्या वेळेला भोक ढिलं. म्हणून स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा. बोटाला बारीकसा ‘टक’ जाणवतो, स्क्रू जुन्या आट्यात पडलेला असतो. तिथून सरळ, हलक्या हाताने. इलेक्ट्रिक ड्रायव्हर घेऊन जुनी चासी जोडणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, फक्त माझी गाडी त्याच्या हातात देत नाही.

ज्यांना एकेक ओळ पुरे

आर्म नायलॉनचे असतील आणि सुकून कडक झाले असतील तर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात उकळा, नायलॉन पाणी पिऊन पुन्हा चिवट होतं. एबीएसचे (टणक प्लॅस्टिकचे) भाग मात्र उकळत्या पाण्यात चुकूनही टाकू नका, वाकडे होतील. धातूचा स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचं थ्रेडलॉक एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटला (पारदर्शक बॉडीच्या प्लॅस्टिकला) लागलं की तडे जातात. रबरी टायर बॉडीला टेकवून ठेवू नका, रबरातला मऊपणा आणणारा पदार्थ प्लॅस्टिकमध्ये उतरतो आणि डाग कायमचा राहतो. गाडी वर्षभर चाकांवर उभी ठेवू नका, टायर एका बाजूने चपटे होतात. क्रिस्टल (रिमोट आणि गाडीची फ्रिक्वेन्सी ठरवणारे सुटे भाग) बदलायचे तर जोडीने, एकाच रंगाचे. रिमोटमध्ये लाल आणि गाडीत निळा घालून ‘रिसीव्हर मेला’ म्हणणारे मी तीन पाहिलेत. प्लॅस्टिकचे बुश काढून बेअरिंग घाला, यात पावित्र्यभंग वगैरे काही नाही, जुने बुश पुडीत घालून ठेवा म्हणजे झालं.

‘मूळ’ समजून नवी विकत घेणे

टामियाने 2000 नंतर बऱ्याच जुन्या गाड्या पुन्हा काढल्या: हॉर्नेट 2004 ला, ग्रासहॉपर 2005 ला, 1979 ची सँड स्कॉर्चर 2010 ला. खोक्यावरचा नंबर बघा. मूळ हॉर्नेट 58045, पुन्हा काढलेली 58336. मूळ ग्रासहॉपर 58043, नंतरची 58346. नव्या आवृत्तीत वाईट काही नाही, पळवायला मी तीच काढतो. पण विकणारा ‘काकांची जुनी गाडी’ म्हणत असेल आणि खोक्यावर 58336 असेल, तर काका फार म्हातारे नसावेत.

रंग उतरवून ‘नवी’ करणे

इथे मला स्वतःची लाज वाटते, म्हणून शेवटी ठेवलंय.

बॉडी दोन प्रकारच्या. सँड स्कॉर्चर, लंच बॉक्स या गाड्यांची जाड, टणक, बाहेरून रंगवलेली. हॉर्नेट, फ्रॉग यांची पातळ, पारदर्शक पॉलिकार्बोनेटची आणि आतून रंगवलेली. टणक बॉडीवर जमलेला उपाय पॉलिकार्बोनेटवर करायचा नसतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. धीर नव्हता.

एक फ्रॉग मिळाली होती. आधीच्या मालकाने, म्हणजे बहुधा दहा-बारा वर्षांच्या पोराने, ती ब्रशने रंगवलेली. फराटे स्पष्ट दिसत होते, खिडकीच्या कडेला रंग सांडलेला. ड्रायव्हरच्या हेल्मेटवर वाकडातिकडा 7, तोही दोनदा गिरवलेला. मला कॅटलॉगसारखी गाडी हवी होती. आतून थिनर फिरवला. रंग विरघळला हे खरं, पण दोन मिनिटांत प्लॅस्टिक दुधाळ झालं आणि स्क्रूच्या भोकांपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पसरत गेल्या. हेल्मेटही मी त्याच वाटीत बुडवलं होतं. ते टणक प्लॅस्टिकचं, त्याचा चिकट गोळाच झाला.

नवी बॉडी आणली, नीट मास्किंग करून रंगवली, स्टिकर लावले. छान दिसते. कपाटातल्या इतर पाच गाड्यांसारखीच दिसते.

आता आतला रंग पोपडे धरत असेल तर मी उतरवत नाही, त्याच छटेचा पातळ थर आतूनच मागे देतो. चीर असेल तर आतून कापडी जाळी आणि लवचीक गोंद. धूळ काढायला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश, स्टिकरच्या कडा वगळून. स्टिकर उचलला गेला असेल तर आधी स्कॅन, मग हात. आणि यातलं काहीही करण्याआधी फोटो: वरून, दोन्ही बाजूंनी, आतून, आणि हेल्मेटचा वेगळा.