किटलीच्या तोटीचा ओघळ कसा थांबला

स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या कठीण होणाऱ्या मातीच्या, नव्या किटलीचा घाट मनासारखा जमला होता. मात्र चहा ओतून ती सरळ केली की शेवटचा थेंब तोटीखालून ओघळत टेबलावर येई. तोटीची कड मी ओल्या बोटाने गोल, गुळगुळीत करत होतो आणि दोष नेमका तिथेच होता, कारण गोल कडेवर धार तुटत नाही, ती मातीला चिकटून मागे वळते. पुढच्या किटलीत माती अर्धवट सुकल्यावर मी तोटी सुरीने तिरकी कापली, खालची कड धारदार ठेवली आणि तिच्यावर ग्लेझचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाचा, जाड थर साचू दिला नाही. चाकावर घडवताना तोटीच्या मातीत बसलेला पीळ भट्टीत थोडा उलगडतो, त्यामुळे भाजल्यावर सरळ यावा म्हणून कापही किंचित वाकडा घ्यावा लागला. १२४० अंश सेल्सिअसला भाजलेल्या या किटलीची धार स्वच्छ तुटते. त्या कापाचा पुठ्ठ्याचा नमुना मी सोबतच्या कुंभारांनाही दिला आहे.