जिऑलॉजीला नवीन आलात? आधी ऑक्सिजन मोजायला शिका

बडोद्यात जिऑलॉजी घेतलं असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे सोनं शोधणार का? दांडिया बाजारातल्या आमच्या आजीने तर अंगठी काढून हातात दिली, बघ रे खडा खरा आहे का. मी तेव्हा एफवायला, क्वार्ट्झ सोडून काही ओळखता येत नव्हतं, तरी मान हलवून खरा आहे म्हणालो.

एमएस युनिव्हर्सिटीत शिकताना सिलिकेटचे, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या खनिजांचे, सहा प्रकार मी पाढ्यासारखे पाठ केले होते. निसो (सुटे), सोरो (जोड्या), सायक्लो (रिंगा), आयनो (चेन), फायलो (थर), टेक्टो (जाळी). झोपेतून उठवलं तरी म्हटले असते, आणि तीच चूक झाली, कारण पाठ होतं पण वापरायचं कसं ते माहीत नव्हतं. टीवायच्या व्हायवाला स्वतःचं कलेक्शन न्यायचं होतं. पुण्याच्या मामाने वाघोलीच्या खाणीतला एक तुकडा दिला होता, पांढऱ्या स्टिलबाइटवर गडद निळे गोळे, सुयांच्या गुच्छासारखे. मी ऐटीत लेबल लावलं, कॅव्हनसाइट, गट झिओलाइट. सरांनी विचारलं झिओलाइट का, मी म्हटलं सर बेसॉल्टच्या पोकळीत मिळतं, स्टिलबाइटसोबत असतं आणि ते झिओलाइटच आहे, फॉर्म्युल्यात पाणी पण आहे. ते शांतपणे म्हणाले, "एमां एल्युमिनियम क्यां छे?" म्हणजे यात ऍल्युमिनियम कुठे आहे?

नव्हतंच ना. कॅव्हनसाइट म्हणजे कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट, नावच त्या तिघांची आद्याक्षरं जोडून बनवलंय. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन आणि ऍल्युमिनियम दोघांची मिळून केलेली जाळी, इथे ऍल्युमिनियमचा पत्ताच नाही. मी शेजारी बघून जात ठरवली होती.

तर नव्या लोकांनी हे करा, वहीत फॉर्म्युला लिहा आणि सिलिकॉनला किती ऑक्सिजन ते मोजा. कॅव्हनसाइटमध्ये चार सिलिकॉनला दहा ऑक्सिजन, म्हणजे 2:5, म्हणजे थर, म्हणजे फायलो, अभ्रकाच्या घरातलं. पण इथे एक खड्डा आहे. पूर्ण फॉर्म्युल्यात पंधरा ऑक्सिजन आहेत, त्यातले चार पाण्याचे आणि एक व्हॅनेडियमला चिकटलेला, ते पाच मोजायचे नाहीत. मी घरी बसून पहिल्यांदा मोजले तेव्हा पंधरा धरले आणि भलताच रेशो आला, तासभर पुस्तकालाच शिव्या घातल्या. ऑलिव्हिनला 1:4, चेनवाल्या पायरॉक्सिनला 1:3, डबल चेनला 4:11, क्वार्ट्झला 1:2, एवढं आधी हाताने काढून बघा. 1:3 ला मात्र थांबा, बेरिलमध्ये पण तोच रेशो येतो आणि ते रिंगवालं आहे, म्हणजे नुसता आकडा पुरत नाही, रचना बघावीच लागते.

दुसरा खड्डा ऍल्युमिनियमचा. फेल्डस्पार किंवा स्टिलबाइट मोजताना जाळीतलं ऍल्युमिनियम सिलिकॉनमध्ये मिळवायचं. स्टिलबाइटमध्ये 27 सिलिकॉन आणि 9 ऍल्युमिनियम, मिळून 36, ऑक्सिजन 72, झालं 1:2, टेक्टो. म्हणजे माझ्या तुकड्यात पांढरं टेक्टो आणि त्यावर बसलेलं निळं फायलो, एकाच दगडात दोन कुळं! ऍपोफायलाइटचं पण तसंच, आपल्याकडे सगळे त्याला झिओलाइटच्या ट्रेमध्ये ठेवतात पण मोजलं तर 8:20, थरवालंच निघतं.

रंगाबद्दल सांगतो, कारण सगळे तिथेच फसतात. आमच्या ट्रिपला छोटा उदेपूरकडचं आंबाडुंगर असतं, तिथलं फ्लोराइट जांभळं पण मिळतं, हिरवट पण मिळतं, रंगावर विश्वासच ठेवायचा नाही. कॅव्हनसाइटचा निळा मात्र खरा, तो व्हॅनेडियमचा आणि व्हॅनेडियम त्याच्या रचनेतच आहे. पण रंगावरून धातू कळला, कूळ नाही कळत.

आता पेंटागोनाइट. कॅव्हनसाइटशी फॉर्म्युला अगदी सेम, रंग पण तोच, फरक फक्त थरातल्या रिंगांचा, कॅव्हनसाइटमध्ये चार आणि आठ सिलिकॉनच्या रिंगा तर पेंटागोनाइटमध्ये सहाच्या. त्याचे स्फटिक जुळून पाच टोकांची चांदणी दिसते कधीकधी, त्यावरूनच नाव पडलं. दोन्ही आधी अमेरिकेत ओरेगॉनला सापडली, 1973 साली वर्णन छापून आलं, आणि वाघोलीत पण दोन्ही मिळतात. त्यामुळे लेबलवर कॅव्हनसाइट लिहायच्या आधी लेन्स लावून सुया नीट बघा, खात्री हवी तर एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे एक्स-रेने आतली रचना तपासणं.

कॅव्हनसाइटचा कठीणपणा मोह्सच्या 1 ते 10 मापात 3 ते 4 आहे, म्हणून कृपा करून चाकूने ओरखडू नका, मी केलं आणि एक अख्खा गोळा भुगा झाला. चाचणी घ्यायचीच तर आधीच सुटलेल्या कणावर घ्या. ब्रशने पुसायला पण जाऊ नका, सुया मोडतात, फुंकर मारा बस.

पुढे गेट किंवा यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट द्यायचा विचार असेल तर मिनरलॉजी ऑप्शनला टाकू नका. रोज एक फॉर्म्युला घ्या, दहा मिनिटं लागतात, मी सुरसागरच्या काठावर बसून शेंगदाणे खात करायचो. माझ्या त्या तुकड्याच्या लेबलवर झिओलाइट खोडून फायलो लिहिलंय, आणि भुगा झालेल्या गोळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग आहे.