आधी प्रिंटर विचारा, मग लिनक्स टाका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुनी मशीन सांभाळून असणाऱ्यांची पंचाईत झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. सोलापुरात झेरॉक्सची दुकानं, पतसंस्था, शाळांची ऑफिसं, चादर-टॉवेलचे कारखाने, कुठंही जा, चौथ्या-सहाव्या पिढीची मशीन सर्रास दिसतात, आणि ती कामही देतात. त्यामुळे ‘विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देता का?’ असं विचारणारे वाढलेत. त्यांच्या मागोमाग ‘सर, यात पुढं काही होतं का?’ असं विचारणारी बीसीए-डिप्लोमाची पोरंही यायला लागलीत. होतं. पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलला जे लिनक्स असतं आणि गिऱ्हाइकाच्या टेबलावर जे लागतं, त्यात बरंच अंतर आहे. मी या कामात दुरुस्तीच्या बाजूनं आलो, म्हणून सांगतोय तेही त्याच बाजूनं.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मशीन लईच स्लो झालंय की सर, लिनक्स मारून द्या.” नवीन पोराचा हात लगेच बूटेबल पेनड्राइव्हकडे जातो. तो मागं घ्या आणि आधी विचारा: प्रिंटर कुठला आहे? टॅली चालतं का? डिजिटल सहीचं टोकन लावता का? आधारच्या अंगठ्याचं मशीन आहे का? जुनी पत्रं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत का? यातल्या दोन प्रश्नांना जरी ‘हो’ आलं, तरी त्या मशीनवर लिनक्स टाकायचं का, याचा पुन्हा विचार करा.

टॅलीप्राइम विंडोजसाठी बनतं. वाइन या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालवून दाखवणारे भेटतात, पण मार्चअखेरीला ज्याच्या दुकानात सीएचा फोन येणार आहे त्याच्या मशीनवर हा प्रयोग मी करत नाही. टोकनचे लिनक्स ड्रायव्हर बरेचदा मिळतात, पण टोकन, ब्राउझर आणि सही करणारं युटिलिटी या तिघांचं जमवण्यात अर्धा दिवस जातो, आणि रिटर्नची शेवटची तारीख तेवढा दिवस देत नाही. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर, मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडवरच चालते. अशा ठिकाणी सरळ सांगायचं, “अण्णा, हे मशीन विंडोजवरच राहू द्या, बिलिंग नसलेल्या त्या दुसऱ्यावर लिनक्स टाकू.” त्या दिवसाचं काम कमी होतं, पण तोच माणूस पुढं चार गिऱ्हाइकं पाठवतो.

आता प्रिंटर. झेरॉक्सवाल्याचा सगळा धंदा त्यावर, म्हणून तो पहिला. नवे वायफाय प्रिंटर बहुतेक ड्रायव्हर न टाकताच सापडतात. एचपीच्या लेझरजेटसाठी एचपीलिप हे ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर आहे, पण १०२० सारख्या मॉडेलला त्याच्यासोबत वेगळा प्लगइन लागतो, आणि प्लगइनचं व्हर्जन एचपीलिपच्या व्हर्जनशी तंतोतंत जुळावं लागतं. सिस्टीम अपडेट झाली, एचपीलिप पुढं गेलं, प्लगइन मागं राहिला, की काल छापणारा प्रिंटर आज गप्प. हे माहीत असेल तर फोनवर दोन मिनिटांत काम होतं. नसेल तर माणूस रोलर साफ करत बसतो. कॅनन एलबीपी २९०० अजून गल्लोगल्ली आहे. त्याची भाषा कॅप्ट नावाची, कंपनीची स्वतःची. लिनक्सचा ड्रायव्हर आहे पण जुना, आणि बसवायला चिकाटी लागते. म्हणून माझा नियम असा की डिस्कला हात लावण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काहीच न टाकता, लिनक्स मिंट चालू करायचं आणि गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच्याच प्रिंटरवर, त्याचीच एक फाइल छापून दाखवायची. पान बाहेर आलं तर पुढं बोलू.

लाइव्हमध्ये वायफाय दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की नेट येतं, मग ड्रायव्हर उतरवता येतो. फक्त केबल डेटाची हवी. बाजारात नुसत्या चार्जिंगच्या केबली ढिगानं आहेत, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतोय पण लिनक्सला दिसत नाही, अशा वेळी बऱ्याचदा दोष केबलचा असतो.

मशीन स्लो का आहे हे शोधणं हे खरं शिकण्यासारखं काम, आणि लाइव्ह लिनक्स इथं इन्स्टॉल न करताच उपयोगी पडतं. डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल ही कमांड चालवा. त्यात रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर (वाचताना अडलेल्या जागा) या दोन ओळींच्या शेवटचा आकडा बघा. शून्य नसेल, विशेषतः पेंडिंगचा, तर फॉरमॅटचा विषय तिथंच बंद. आधी डेटा. आणि तो फाइल मॅनेजरनं ओढून काढायचा नाही, कारण खराब सेक्टरवर डिस्क अडकते आणि पुन्हा पुन्हा तेच वाचायला जाऊन आणखी मरते. त्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू वापरायचं. ते आधी जे सहज वाचता येतं ते उचलतं, अवघड जागा मागं ठेवतं आणि कुठपर्यंत आलं ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. लाइट गेली तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं चालू. दुकानाच्या कामाला यापेक्षा जास्त उपयोगी पडलेलं सॉफ्टवेअर मला आठवत नाही.

लाइटीवरून आठवलं. लाइट जाऊन आली आणि मशीन उघडेना, ही तक्रार इथं नेहमीची. स्क्रीन काळी, डाव्या बाजूला कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असं काहीतरी आणि पुढं लुकलुकणारा कर्सर. मालकाला वाटतं व्हायरस आला. खरं तर वरच्या दोन-तीन ओळींत सगळं लिहिलेलं असतं: अमुक पार्टिशनवर एफएससीके हातानं चालवा. त्या पार्टिशनचं नाव देऊन ती दुरुस्तीची कमांड चालवली, विचारेल तिथं ‘वाय’ दाबलं आणि एक्झिट केलं की बहुतेक मशीन उभी राहतात. पण क्रम महत्त्वाचा. दुरुस्तीची कमांड डिस्कवर लिहिते. डिस्कच मरायला टेकली असेल तर ही दुरुस्ती उरलेल्या फाइलींच्या जिवावर उठते. म्हणून आधी लाइव्हमधून डिस्कची तब्येत, मग एफएससीके. आणि जाताना साधा यूपीएस घ्यायला सांगायचं. घरातला इन्व्हर्टर चालेल का, असं विचारतात. लॅपटॉपला चालतो, डेस्कटॉपला बदलीच्या क्षणाचा झटका सोसला नाही तर तो रीस्टार्ट होतो. नॉर्मल मोडऐवजी यूपीएस मोडची सोय इन्व्हर्टरवर असेल तर तो मोड लावायचा.

उन्हाळा हा आपल्याकडचा वेगळाच विषय. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की लॅपटॉप आपोआप मंदावतात, कारण प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात तर उन्हाच्या जोडीला सुताचे तंतू. एका कारखान्याच्या ऑफिसातला लॅपटॉप उघडला होता. पंखा वरून स्वच्छ, पाती मोकळी. पंख्याचे चार स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत राखाडी रंगाचा, नमद्यासारखा दाबून बसलेला पट्टा निघाला. चिमट्यानं एका तुकड्यात सुटला. बाहेरून ब्लोअर मारणाऱ्यांनी तो आणखी आत ठोकून बसवला होता. पट्टा काढला, थर्मल पेस्ट बदलली, सेन्सर्स कमांडनं आधीचं आणि नंतरचं तापमान मालकाला दाखवलं. ते लिनक्स टाकायलाच घेऊन आले होते. टाकायची गरजच उरली नाही. अशा कारखान्यातलं मशीन दर उन्हाळ्याआधी उघडून साफ करायचं, हे मालकाच्या डोक्यात बसवा. ब्लोअर मारायचा तर पंखा बोटानं धरून ठेवा.

बॅटरीचंही दोन ओळींत. कायम चार्जरला लावलेला लॅपटॉप असेल आणि मॉडेल साथ देत असेल तर टीएलपी या लिनक्सच्या बॅटरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधता येते. थिंकपॅडवर हे चांगलं चालतं. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला दिसला, तर मशीन बंद करून बॅटरी बदलायची. दाबून बसवायची नाही, टोचायची तर नाहीच.

मराठी टायपिंगवर गिऱ्हाइकाचं सगळ्यात जास्त डोकं फिरतं. मंगल फॉन्टमधलं एक पानाचं पत्र लिबरऑफिसमध्ये उघडलं की दीड पान होतं, कारण मंगल हा विंडोजसोबत येणारा फॉन्ट. तो नसला की त्याच्या जागी नोटो किंवा लोहित येतो आणि अक्षरांची रुंदी-उंची बदलते. छापायला पाठवायचं पत्र पीडीएफ करून पाठवा, एवढं शिकवलं तरी निम्मी भांडणं मिटतात. युनिकोडमध्ये लिहायला आयबस या लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीत एम१७एनचे मराठी कीबोर्ड आहेत. इनस्क्रिप्ट येत असेल तर सोन्याहून पिवळं, फोनेटिकवाल्याला वेगळा मिळतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइली मात्र युनिकोड नाहीत. फॉन्ट नसला की तिथं नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या बदलून घ्यायला कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागतात. शाळेचे जुने निकाल असतील तर हे काम वेगळे पैसे सांगून घ्या.

मोबाइल-पेनड्राइव्हची कामंही याच दुकानात येतात. स्वस्तात घेतलेला दोन टेराबाइटचा पेनड्राइव्ह आणि त्यातले गायब झालेले लग्नाचे फोटो, हे दृश्य तुम्हाला दिसणारच. आत चिप ३२ जीबीची असते आणि कंट्रोलर खोटा आकडा सांगतो. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं. एफ३ नावाचं छोटं सॉफ्टवेअर आख्खा पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतं आणि खरी जागा किती ते सांगतं. नवा पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आणलं की आधी हे चालवा, मग वापरा. फोनचा टच गेला पण डिस्प्ले दिसतोय, तर ओटीजीला माउस लावून लॉक उघडता येतो आणि फोटो काढून घेता येतात. यूएसबी डीबगिंग आधीच चालू असेल तर एससीआरसीपीवाय या सॉफ्टवेअरनं तोच फोन लिनक्सच्या स्क्रीनवर चालवता येतो. फोटो बघत बसायचं नाही. पासवर्ड मालकानं स्वतः टाकायचा, फोल्डर त्यानं दाखवायचं, आपण कॉपी करायची.

आता नोकरीचं. ज्यांना पुढं सर्व्हर-क्लाउडकडे जायचंय त्यांनी घरी एक जुनं चार जीबीचं मशीन घ्यावं आणि डेस्कटॉप न टाकता नुसतं डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकावं. त्यावर नेटवर्कवरून फाइली देणारं-घेणारं सांबा बसवा, घरच्या फोनचे फोटो रोज रात्री आपोआप त्यावर येतील असं करा, मग त्या बॅकअपमधून एक फाइल खरंच परत काढून बघा. हे शेवटचं कुणी करत नाही. इंग्रजीचा धाक असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. सर्टिफिकेटबद्दल माझं मत: एलपीआयसी-१ चे दोन पेपर प्रश्नांचे असतात, आरएचसीएसए मात्र चालू मशीनवर काम करून द्यावी लागते, आणि मुलाखत घेणारे तिलाच जास्त मानतात. फी दोन्हीची जड आहे; घरचं मशीन सहा-आठ महिने हाताळल्याशिवाय भरू नका.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना एक प्रश्न हमखास विचारतात: डिस्कची जागा सांगणारी डीएफ कमांड म्हणतेय डिस्क भरली, फाइलींची बेरीज करणारी डीयू म्हणतेय निम्मीच भरलीय, असं का? उत्तर बहुतेक वेळा असं की एखादी मोठी लॉग फाइल डिलीट झालीय, पण एखादा प्रोग्राम ती अजून धरून बसलाय. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडनं तो शोधायचा आणि रीस्टार्ट करायचा. त्याचा भाऊ म्हणजे जागा आहे पण फाइल बनत नाही, तिथं आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असतात. कमांड पाठ असणाऱ्याला यांची नावं आठवतात. ज्यानं घरचं मशीन एकदा भरून बघितलंय, तो समोरच्याला कुठल्या क्रमानं काय तपासलं ते सांगतो.

मुलाखतीला जाईपर्यंत नवी पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानदाराकडे संध्याकाळी बसा. पैसे कमी देईल, मशीन भरपूर दाखवेल. बॅगेत व्हेंटॉय टाकलेला पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर मिंट, डेबियन, रॅम तपासणारं मेमटेस्ट सगळं एकत्र राहतं. शिवाय साटा-यूएसबी केबल, ड्रायव्हर न मागणारा वायफाय डोंगल, चिमटा, ब्रश आणि एक डेटाची केबल. आणि छोटं पावती पुस्तक. मशीन घेतानाच त्यावर लिहायचं की डेटाची कॉपी केली की नाही, कुठले फोल्डर घेतले, मशीनसोबत चार्जर आला की नाही. खाली गिऱ्हाइकाची सही.